कपाटातली शेवंती

आषाढ लागला की संध्याकाळी पाचच्या सुमाराला माझा जीव अजून खालीवर होतो. काहीतरी आत घ्यायचं राहिलंय, कुठलं तरी दार लावायचं राहिलंय असं वाटत राहतं. खरं तर आता आत घेण्यासारखं काही नसतं. दोरीवरचे कपडे सुनेनं केव्हाच काढलेले असतात, निवृत्तीनंतर काढलेलं सायकलचं दुकान तर गुडघ्यांनी कधीच बंद करून टाकलंय. तरी मी उठतो, व्हरांड्यात जाऊन ढगांकडे बघतो आणि परत येऊन बसतो. कुमुद वर्तमानपत्रातून मान वर न करता हसते.

"झाले का पाच?"

"झाले."

एवढंच बोलणं होतं. पण त्या दोन शब्दांत आमचा एक अख्खा पावसाळा असतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. देवासला एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि महाराष्ट्रातून आमच्यासारखी पोरं पत्र्याच्या ट्रंका घेऊन उतरत होती. मी साताऱ्याकडचा. एका कारखान्यात फिटर म्हणून लागलो, दीड खोलीचं क्वार्टर मिळालं, आईला आणलं आणि वर्षभरात लग्न झालं. कुमुद धारची. तिच्या घरातल्या तीन पिढ्या तिथल्या दरबारात लिहिण्याची कामं करत आल्या होत्या. त्यामुळे तिचं मराठी ऐकून आई पहिले काही दिवस बिचकूनच असायची. आई म्हणायची, "बस की गं." ही म्हणायची, "आपण आधी बसावे." आणि दारात भाजीवाला आला की हीच कुमुद "भिया, कल के जैसे सड़े टमाटर मत दीजो" असं मोकळ्या गळ्यानं सुनवायची.

ती बीएस्सी झाली होती, वनस्पतिशास्त्र घेऊन. मुलींच्या शाळेत तात्पुरती शिकवत होती. त्या उन्हाळ्यात कायम जागेसाठी तिची मुलाखत झाली. परत आली ती बाहेरच्या पायरीवर बसली. चप्पलही काढली नाही.

झालं होतं ते असं. निवड समितीत विषयाचे जाणकार म्हणून धारच्या एका सरकारी बागेचे अधीक्षक बोलावले होते. चांगले वयस्कर, हात मातीत घालून काम केलेला माणूस. त्यांनी विचारलं, "सेवंती जाड़े में ही क्यों फूलती है?" कुमुद म्हणाली, रात्र लांब होते म्हणून. थंडीमुळे नव्हे. त्यावर ते हसले. "बेटी, मैं तीस साल से सेवंती उगा रहा हूँ। ठंड के बिना फूल आते मैंने तो नहीं देखे। तुमने देखे?"

"नहीं सर. किताब में पढ़ा है."

बाकीचे सगळे हसले. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली, कुमुद तात्पुरतीच राहिली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. त्यांचं बरोबर आहे," ती म्हणाली. "मी पाहिलेलं नाही. पाहिलं पाहिजे."

घरात एकच कपाट होतं. सागवानी, उंच, वर एक मोठा कप्पा आणि खाली वेगळ्या दाराचा एक छोटा. कुमुदच्या वडिलांनी लग्नात दिलेलं. धारहून ते मेटॅडोरमध्ये आलं तेव्हा शेजारपाजारची माणसं ते बघायला जमली होती. आमच्या घरातली ती एकमेव भारदस्त वस्तू. जूनच्या मध्यावर एका रविवारी कुमुदनं त्यातले सगळे कपडे काढून पलंगावर ठेवले आणि आईला सांगितलं, की यात शेवंती ठेवायची आहे.

आईला आधी वाटलं, देवाला वाहायची फुलं. मग कळलं, झाडं. मातीसकट.

"सागवानी कपाटात चिखल?" आई म्हणाली. "आणि कपडे काय डोक्यावर घेऊन फिरायचे?"

कपडे दोरीवर गेले, ट्रंकेत गेले, काही माझ्या डोक्यावरच्या खुंटीवर गेले. त्या वर्षी पावसाळाभर आमच्या अंगाला दमट सुती वास येत होता. अजून कधी कपडे नीट वाळले नाहीत आणि तसा वास आला, तर मला तो चक्क आवडतो.

कल्पना साधी होती. पावसाळ्यात दिवस मोठा, रात्र लहान. शेवंतीला वाटायला हवं की रात्र मोठी झाली. म्हणून संध्याकाळी पाचला झाडं कपाटात ठेवून दार लावायचं आणि सकाळी सातला बाहेर व्हरांड्यात काढायची. चौदा तास काळोख. पण काळोख म्हणजे पुरता काळोख. फटीतून उजेडाची रेघसुद्धा येता कामा नये.

फोटो स्टुडिओतून मी काळा कागद आणला. आईच्या नकळत कणकेची खळ केली. फटी कुठे आहेत ते बाहेरून कळेना, म्हणून कुमुद गुडघे पोटाशी घेऊन कपाटात बसली आणि मला म्हणाली, "लावा दार."

मी दार लावलं. आतून तिचा आवाज यायला लागला, लांबून आल्यासारखा.

"डावीकडे, बिजागरीपाशी. हं. आता वर. अहो, तिथे नाही, अजून वर. कुलपाचं भोक! कुलपाच्या भोकातून केवढा उजेड येतोय!"

मी खळ लावतोय, कागदाच्या पट्ट्या चिकटवतोय, बोटं एकमेकांना चिकटलीत, आणि आतून ती एकेक फट सांगतेय. शेवटी आवाज थांबला. मी घाबरून विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. आता काहीच दिसत नाही. किती छान आहे इथे." नेमकी तेव्हा आई देवळातून आली. सून कुठेय म्हणाली. मी कपाटाकडे बोट दाखवलं. आईचा तेव्हाचा चेहरा आठवला की अजूनही आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळतो.

आठ झाडं होती, डालड्याच्या आठ डब्यांत. डब्यांना तळाशी खिळ्यानं भोकं पाडली होती. इकडची काळी माती भिजली की लोण्यासारखी चिकट होते, म्हणून तिच्यात वाळू आणि कुजलेला पाला मिसळला होता. रोपं कुमुदनं माहेरच्या परसातून आणलेली, पिवळ्या शेवंतीची. माझी पहिली पाळी असली की पाच वाजता मी घरी असायचो. दुसरी पाळी असली की शाळेतून कुमुद जवळजवळ धावत यायची, छत्री मिटायच्या आत डबे उचलायची. टेकडीवर ढग बसलेले असायचे, देवीचं देऊळ त्यात पार बुडालेलं, आणि शेजारच्या क्वार्टरमधले लोक गॅलरीतून बघत असायचे. "भिया, पौधों को ठंड लगती है क्या?" असं एकानं मला विचारलं. मी हो म्हणालो. समजावून सांगायला मलाच नीट समजलेलं नव्हतं.

तीन आठवडे गेले. कुमुद रोज भिंग घेऊन शेंड्याशी वाकायची. पानं. नुसती हिरवीगार, तकतकीत पानं. चौथा आठवडा लागला. तिनं एक शेंडा खुडून सुईनं उलगडून पाहिला. आत पानाच्या पोटात पान, त्याच्या पोटात आणखी एक पान. त्या दिवशी तिनं भाजीत मीठ घातलं नाही आणि आम्ही कुणीच ते तिला सांगितलं नाही.

"तीस साल," ती एकदा पोळ्या लाटताना आपल्याशीच म्हणाली. "तीस वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत."

आता मागे वळून बघताना वाटतं, माझ्या बायकोचं मोठेपण मला तेव्हा कळलं. फुलं आली तेव्हा कळलं नाही. समोरचा माणूस हसला होता, तरी त्याची तीस वर्षं ती मोलाची मानत होती. आणि तरी पाच वाजता डबे उचलत होती. मी कारखान्यात असे फार थोडे लोक पाहिले. आम्ही बहुतेक जण एक तर आपलंच खरं म्हणायचो, नाही तर पान्हा टाकून मोकळे व्हायचो.

आषाढात आई दहा दिवस धरमपुरीला गेली. तिची मावसबहीण तिथे नर्मदेच्या काठी राहायची. परत आली तेव्हा दुपार होती, पाऊस नुकता थांबला होता. मोरीत पाय धुता धुता तिनं पहिला प्रश्न विचारला तो माझ्या तब्येतीचा नव्हता.

"कुमुद, मी नव्हते तेव्हा रात्री कपाट कोण उघडत होतं?"

कुमुद तांदूळ निवडत होती. "कोणीच नाही. का?"

"कोणीच नाही?" आई कळवळलीच. "दहा दिवस? अगं, जीव आहे तो! गुदमरली असतील बिचारी. तुम्ही निजलात की मी रोज अर्धा तास दार उघडून ठेवते. दिवा लावते, वारा दाखवते. तुम्हा दोघांना कुठं कळतंय? दार लावलं की झालं."

कुमुदच्या हातातलं ताट कलंडलं. तांदूळ फरशीवर पसरले. ती आधी नुसती बघत राहिली आणि मग जी हसायला लागली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं. आईला राग आला. "हसण्यासारखं काय बोलले मी?"

मग कुमुदनं आईला जवळ बसवून सांगितलं. झाड रात्र मोजतं. मोजताना मध्येच उजेड दिसला की त्याला वाटतं, झाली रात्र, संपली. मग ते पहिल्यापासून मोजायला लागतं. एका लांब रात्रीच्या दोन छोट्या रात्री होतात.

आई ओल्या पायांवरून पदराचं टोक फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळं फुलं आली नाहीत."

त्या वेळी मी दारात उभा होतो. मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलून विषय मिटवायला हवा. कुमुदनं तसं काही केलं नाही. ती म्हणाली, "हो, आई. आपल्यामुळेच. आणि आपण जे केलंत ना, ते परदेशात मोठमोठ्या लोकांनी मुद्दाम करून पाहिलं आहे. मला ते सुचायला हवं होतं. मला सुचलं नाही, आपण केलंत."

"मी कुठं काय केलं? मी वारा दाखवला."

"आता पुढेही दाखवायचा. पण दोनच झाडांना."

असं ठरलं. सहा डबे वरच्या मोठ्या कप्प्यात, दोन खालच्या छोट्या कप्प्यात. खालची दोन आईची. त्यांचं दार तिनं रोज निजताना उघडायचं, दिवा दाखवायचा, अर्ध्या तासानं लावायचं. वरच्या दाराला हात लावायचा नाही. पण वरच्यांच्या श्वासाचं काय, यावर आई अडून बसली. तिची समजूत काढायला मी बाजारातल्या पत्र्याचं काम करणाऱ्याकडून कोपरासारख्या दोनदा वळलेल्या दोन नळ्या करून घेतल्या आणि आतून काजळीनं काळ्या केल्या. वारा वळणं घेत जातो, उजेडाला वळता येत नाही. पत्रेवाल्यानं विचारलं, "भिया, ये क्या बनवा रिये हो, हुक्का?" सासरेबुवांच्या सागवानी कपाटाला मी मागून दोन भोकं पाडली. त्याआधी जागा चार वेळा मोजली, खोटं कशाला सांगू. आईनं नळीच्या तोंडाशी उदबत्ती धरून धूर आत जातो का ते बघितलं, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं.

त्यानंतरच्या दिवसांत आईसारखं नेमानं काम कुणी केलं नाही. ताप आला तरी उठायची. शेजारी कीर्तन होतं त्या दिवशी ते अर्धं टाकून आली. त्या दोन झाडांवर तिचा जीव होता आणि त्यांनाच फुलू द्यायचं नव्हतं, हे तिनं कसं पेललं मला माहीत नाही. एकदा दार उघडून त्यांना म्हणताना ऐकलं, "तुमची पाळी कार्तिकात हं. आता वरच्यांची मजा बघा."

श्रावण लागला आणि वरच्या सहा झाडांच्या शेंड्यांवर हिरवे मणी दिसले. मोहरीएवढे, मग ज्वारीएवढे, मग हरभऱ्याएवढे. आईच्या दोघांवर पानंच पानं, सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत हिरवी. शेजारच्या क्वार्टरमधली मंडळी आता येऊन बघायला लागली. बाहेर पाऊस धो धो पडायचा, शेतांत नुकतंच येऊ लागलेलं सोयाबीन पिवळं पडायचं, आणि आमच्या व्हरांड्यात भलत्याच ऋतूतल्या कळ्या फुगत होत्या. उघडायला दोन दिवस असताना कळीच्या टोकाला पिवळ्याची एक बारीक चीर पडते. ती चीर पहिल्यांदा आईनंच पाहिली आणि मला हाका मारून उठवलं. कुमुदला नाही, मला. मी विचारलं, तिला का नाही उठवलंस? तर म्हणाली, "तिला ठाऊकच होतं येणार म्हणून. तुझी खात्री नव्हती."

खरं होतं.

भाद्रपदात महालक्ष्म्या चार दिवसांवर आल्या तेव्हा सहांपैकी तीन झाडांची फुलं पुरी उमलली होती. त्याच सुमाराला धारहून कुमुदच्या भावाचं पत्र आलं. बागेच्या त्या अधीक्षकांची बदली झाली होती. आठवड्याभरात ते लांब कुठे तरी जाणार होते. कुमुदनं पत्र घडी करून ठेवलं. आईनं महालक्ष्म्यांसाठी या फुलांची वेणी कशी करायची ते आधीच ठरवून टाकलं होतं, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. फुलं तोडली तर दाखवायला काय उरणार, आणि बसच्या धक्क्यांत नेली तर वेणीला काय उरणार?

आईनंच विषय काढला. "देवी दर वर्षी येते. साहेब एकदा गेला की गेला. उद्याच चला."

दोन फुललेले डबे कुमुदच्या मांडीवर, एक माझ्या. आईनं आपले दोन्ही डबे उचलले. मी म्हणालो, "आई, यांना फुलं नाहीत, हे कशाला?" कुमुदनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी माझा डबा उचलला. देवासहून इंदूर, इंदूरहून दुसरी बस करून धार. खड्ड्यांत बस उडाली की आम्ही तिघंही डबे छातीशी धरायचो.

बागेच्या कचेरीत ते सामान बांधत होते. कुमुदला त्यांनी ओळखलं नाही. मग टेबलावर फुलं ठेवली, तेव्हा ओळखलं. चष्मा लावून ते वाकले. पाकळी बोटांत धरून पाहिली, देठ पाहिला, पान उलटून पाहिलं.

"कहाँ से मँगवाई? पहाड़ से?"

"घर की है सर. अलमारी में रात लंबी की."

ते हसले नाहीत, पण त्यांचा विश्वास बसला नव्हता हे दिसत होतं. कुमुद तारखा सांगायला लागली, वही काढली. ते वहीकडे बघेनात. माझी आतून चडफड होत होती. तेवढ्यात आई पुढे झाली. तिनं आपला फुलं नसलेला डबा टेबलावर आणून ठेवला, फुललेल्या डब्याला खेटून. तिचं हिंदी देवासच्या भाजीबाजारापुरतं होतं.

"साहेब, ये मेरा है. एकच माती, एकच पानी, एकच कपाट. थंडी दोनों को नहीं. मैं रोज रात को इसका दार खोलती थी, दिया दिखाती थी. इसलिए इसको फूल नहीं आया. उसका दार नहीं खोला, उसको आया."

ते सरळ झाले. एकदा या डब्याकडे, एकदा त्या डब्याकडे बघितलं. मग त्यांनी आईला विचारलं, "रोज? एक दिन भी नहीं छूटा?"

"बुखार में भी नहीं."

त्यांनी खुर्ची ओढून आईला दिली. स्वतः उभे राहिले. मग बाहेर हाक मारून बागेतल्या माळ्यांना बोलावलं, पाच-सहा जण ओल्या पायांनी दारात आले, आणि ते म्हणाले, "इधर आओ सब. बहनजी से सुनो. मैं तीस साल गलत समझता रहा." कुमुद बोलायला लागली. ती जवळजवळ तासभर बोलत होती आणि मी कोपऱ्यात माझा डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. माझ्या हातची कामं बरीच चांगली झाली आयुष्यात, चांगली मशीन्स उभी केली, पण त्या तासाइतका ताठ मी कधी बसलो नसेन.

निघताना त्यांनी एक डबा मागितला. फुललेला नको म्हणाले, तो दुसरा. आईनं क्षणभर विचार केला आणि आपल्या दोनांतला एक दिला. कुमुदच्या नोकरीचं त्यांच्या हातात तेव्हा काही नव्हतं. ती जागा गेली ती गेलीच. कायम व्हायला तिला आणखी दोन वर्षं लागली, आणि पुढे ती त्याच शाळेची मोठी बहनजी, म्हणजे मुख्याध्यापिका झाली, पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये गर्दी होती. आई आणि कुमुद एका बाकावर, मी मागे. आईशेजारी एक माळवी बाई येऊन बसली, डोक्यावर लुगड्याचा पदर, हातात पिशवी. तिनं कुमुदचे फुललेले डबे आणि आईचा बिनफुलांचा डबा बघितला आणि असं का म्हणून विचारलं, "माँजी, इणमें फूल ने उणमें नी, एसो काईं?"

आईनं डबा मांडीवर सरळ केला. आणि मग साताऱ्याच्या, देवासच्या आणि कुठल्या कुठल्या शब्दांत तिनं सुरुवात केली. झाड रात कैसे गिनता है. बीच में दिया दिखाया तो क्या होता है. पुढच्या बाकावरच्या दोघी वळून बसल्या. कंडक्टर तिकीट द्यायचं विसरून ऐकायला लागला. दोन ठिकाणी आईचं थोडं चुकलं. मला वाटलं कुमुद दुरुस्त करेल. ती खिडकीला टेकून आईकडे वळून बसली होती, दोन्ही हात फुलांच्या डब्यांवर, आणि वर्गातली पहिल्या बाकावरची मुलगी ऐकते तशी ऐकत होती.